कोबीचा भाव

कोरेगावात परतून आठवडा झाला
तरी आळीतल्या बायका राजवाड्याचं विचारतात.
हौसावहिनी सांगते कोबीचा भाव.

एक युरो एकोणीस. अख्खा गड्डा.
शंभरानं गुणायचं काम माझ्याकडं,
पोस्टाच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढलेली मी.
पहिल्या दिवशी इतकं गुणलं
की विकतचं पाणी घशाखाली उतरेना.
तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, पुरे गं आता,
भूक काय शंभरानं गुणून लागते?

तिला साखर. साताऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलेलं,
बाहेरचं खायचं नाही.
आता व्हिएन्नात आतलं कुठून आणायचं?
हॉटेलच्या दारातली पाटी वाचली,
सूपच्या एका वाटीत आमचं महिन्याचं दूध.
सुजयनं खोली घेऊन दिलेली शेगडीसकट,
आणि कोपऱ्यावर ते दुकान.
दार आपोआप उघडलं
तशी वहिनी मागं सरली. आधी तू जा.

आत थंडी. भाज्यांवर बारीक तुषार,
गाजरं एका मापाची,
टोमॅटो देठासकट, जणू आत्ताच बोलावून आणलेले.
वहिनीनं हिरवी शेंग उचलली
आणि सवयीनं टोक मोडलं.
कट्.
कोवळी आहे, म्हणाली.
निळ्या एप्रनातला पोरगा बघतच राहिला.
मोडलेलं टोक ठेवायचं कुठं ते कळेना,
तर तिनं ते खाऊन टाकलं
आणि पावशेरभर शेंगा घेतल्या, दंड भरल्यासारख्या.

घेवडा डब्यात मिळतो तिथं, शिजवलेला.
वाघ्या घेवड्यात जन्म गेला तिचा,
डबा कानाशी नेऊन हलवला,
चित्रातल्या दाण्याकडं बघून म्हणाली,
नुसता फुगलाय. चवीला बघू.
कांदा, लिंबू, पर्समधली जवसाची चटणी,
वर दही. साखर न घातलेलं दही शोधायला
मी चष्मा पुसून सहा डबे उलटे केले.
चवीला बरा निघाला.
बरा म्हणजे काय ते कोरेगावकरांना सांगायला नको.

पाव मात्र काळा, जड, आंबूस.
राईचा, म्हणाला सुजय फोनवर.
वहिनी दचकली. अख्ख्या पावात मोहरी?
नव्हे, ते धान्य आहे. भाकरीची लांबची चुलतबहीण,
तोंड वाकडं पण पोटाला धरून राहणारी.
संध्याकाळी सातनंतर त्यावर नारंगी चिठ्ठी लागते,
किंमत निम्मी.

हे आम्हाला तिनं दाखवलं.
बागेतल्या बाकावर शेजारी बसायची ती म्हातारी,
तपकिरी कोट, पिशवीत तसलाच पाव, तसलीच चिठ्ठी.
आमची चिठ्ठी बघून हसली,
उठली, वहिनीचं मनगट धरलं
आणि दुकानात नेऊन मागचा कप्पा दाखवला.
तिथं दह्यालाही नारंगी चिठ्ठ्या.
भाषा एकीलाही येत नव्हती.
वहिनीनं तिला चटणीची पुडी दिली.
तिनं हुंगली, शिंकली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

राजवाडा आम्ही बाहेरून बघितला.
आत जायच्या तिकिटात चार दिवसांची भाजी येत होती,
आणि पायही दुखत होते, खोटं कशाला बोलू.

काल इथल्या बाजारात वहिनीनं शेंग उचलली,
मोडायच्या आधी थांबली, इकडं तिकडं बघितलं.
विकणारी बाई म्हणाली, मोड की. आजच तोडल्यात.
भाव ऐकून मी नकळत शंभरानं भागलं.
नानाशेठच्या दुकानात तर हिनं
बिस्किटाचा पुडा उलटा केला, बारीक अक्षरं लावत बसली,
मागं रांग.

पूर्वी नवाला झोपणारी बाई.
आता साडेदहा वाजेपर्यंत ओट्याशी घुटमळते,
पुसलेलंच पुसते,
भिंतीवरचं घड्याळ बघते आणि म्हणते,
तिकडं सात झाले.
चिठ्ठ्या लागल्या असतील.
मग दिवा घालवते.